बादलीच्या गाडीचे सुपडूभाऊ

सुपडूभाऊंना स्वस्थ बसलेलं मी एकदाच पाहिलं. ते आमच्या गाडीचे ड्रायव्हर होते, म्हणजे दिवसातला मोठा वेळ बसूनच असत. पण त्या बसण्याला बसणं म्हणता येत नसे. स्टिअरिंगच्या मागे त्यांचा एक गुडघा सतत हलायचा. डावा हात गिअरवरून दारावर, दारावरून समोरच्या फळीवर फिरायचा. जरा सरळ रस्ता लागला की अंगठ्याचं नख कशात तरी रुतवून बघायचे. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं. पाण्याची बाटली असो, डब्याचं झाकण असो, एखाद्याच्या खिशातला कंगवा असो, प्लास्टिकची वस्तू हाती आली की आधी नख. मग वस्तू नाकाशी. मग निकाल. "टिकनार नही." किंवा, फार क्वचित, "चांगलं शे."

बोदवडहून जळगावला येऊन मी नोकरीला लागलो तेव्हा नव्वद साल नुकतंच मागे पडलं होतं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. मुलगा ऑफिसात जाणार म्हणून त्यांनी मला जाताना नवीन सँडल घेऊन दिले होते, प्लास्टिकचे, तपकिरी, लांबून चामड्याचे वाटावेत असे. नोकरी एका आरोग्य योजनेत होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर लसीकरणाची गाडी जाई. तिच्यासोबत जायचं, चित्रं दाखवून लोकांना समजावून सांगायचं, हे माझं काम.

पहिल्याच सकाळी ऑफिसच्या फाटकात सँडलचा पट्टा तुटला. मी पाय ओढत, काही झालंच नाही असा चेहरा करून आत निघालो होतो. समोरच्या चहाच्या टपरीवरून आवाज आला.

"ओ नवीन साहेब. बीए का बीकॉम?"

"बीए," मी म्हटलं.

"मंग चप्पल काढा."

सडपातळ, केस मागे वळवलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस माझ्यासमोर उभा होता. हेच सुपडूभाऊ. त्यांनी सँडल घेतला, नख लावलं, वास घेतला. टपरीच्या स्टोव्हवर स्क्रू-ड्रायव्हर तापत ठेवला. टाचेच्या आतल्या बाजूने, जिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी, ब्लेडने एक बारीक फीत कापली आणि तीच फीत वितळवून पट्ट्याच्या तुटलेल्या जागेत भरली. चहा निवायच्या आत सँडल माझ्या पायात होता.

"त्याले त्याचंच दिलं," ते म्हणाले. "आते तुमी फाटशाल, हाई फाटनार नही."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'बीए' झालो. माझं नाव त्यांनी कधी घेतल्याचं आठवत नाही. मला मात्र त्या ऑफिसातला पहिला दिवस दोन्ही पाय टेकून घालवता आला, हे मी विसरलेलो नाही.

आमची गाडी परदेशी मदतीतून आलेली होती. उंच, चारही चाकांना जोर असलेली, नाल्याच्या वाळूतून आणि गोट्यांतून न अडता जाणारी. तिच्या चाकांवरची मडगार्डं पत्र्याची नव्हती. जाड काळ्या प्लास्टिकची होती, हत्तीच्या कानासारखी बाहेर आलेली. प्लास्टिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बादली आणि आंघोळीचा मग येण्याचे ते दिवस. पहिल्यांदा आम्ही पाड्यावर गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या आजोबांनी मडगार्डावर काठी टकटकवली आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "बादलीनी गाडी उनी." तेव्हापासून तिचं नाव तेच.

सुपडूभाऊंना हे नाव आवडायचं नाही. त्या गाडीला कुणी नावं ठेवली की जणू त्यांनाच ठेवली, अशी त्यांची अवस्था होती, आणि त्याला कारण होतं. ते रोजंदारीवर होते आणि त्यांना घेतलं होतं ते त्या गाडीपुरतं. गाडी चालू तर सुपडूभाऊ चालू. त्याआधी ते एका पाईपच्या कारखान्यात जोड लावायचे. एका जागी उभं राहवेना म्हणून पाईपचा ट्रक चालवायला लागले, आणि ट्रकवरून इथे आले. पिंप्राळ्याला दोन खोल्या, बायको, दोन मुली. घर त्या गाडीवर चालत होतं.

मडगार्डाला पहिली भेग पडली ती बैलगाडीमुळे. एका अरुंद गल्लीत समोरून कडब्याची गाडी आली आणि तिचा आख आमच्या पुढच्या डाव्या मडगार्डात घुसला. पत्रा असता तर चेपला असता, गॅरेजवाल्याने ठोकून सरळ केला असता. प्लास्टिक चेपत नाही. कटकन आवाज झाला आणि वीतभर भेग पडली. गाडीवान घाबरून खाली उतरला. सुपडूभाऊ त्याच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी भेगेवरून नख फिरवलं आणि गाडी मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना तापलेल्या खिळ्याने भोकं पाडून तांब्याच्या तारेने ती शिवून काढली. आमच्यासोबत कुमुद सिस्टर असायच्या, नाशिककडच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी ती शिवण वाकून पाहिली.

"भाऊ, टाके कधी काढायचे?"

"तुमी म्हनशाल तव्हा," सुपडूभाऊ म्हणाले. "पन सिस्टर, जखम वाढी ऱ्हायनी."

खरंच वाढत होती. गाडी हादरली की भेग तारेच्या पुढे सरके. प्रत्येक फेरीनंतर ते उतरून तिच्या टोकाशी खडूची खूण करत आणि पुढच्या फेरीला ती खूण मागे पडलेली असे. नवीन मडगार्ड मागवायचं तर ते आपल्याकडे कुठेच मिळत नव्हतं. त्यातच कळलं की पावसाळ्याआधी योजनेच्या सगळ्या गाड्या धुळ्याला तपासणीसाठी न्यायच्या आहेत. ज्यांचे भाग मिळत नाहीत, ज्या धड दिसत नाहीत, त्या मोडीत काढायच्या. हे ऐकल्यापासून सुपडूभाऊंचा दुसरा गुडघाही हलू लागला.

पण ते घाबरलेले दिसू देत नसत. उलट फुशारकी मारत. "बठ्ठं प्लास्टिक एकच शे, बीए," ते म्हणाले. "बादली काय, मडगार्ड काय. आपन पाईपवाले. ज्या गावात पाईप बनस, त्या गावात प्लास्टिक फुटलं म्हनीसन कोनी रडस का?"

ही समजूत एकट्या त्यांची नव्हती. तेव्हाच्या जळगावात गच्चीची गळती असो की दाराची कडी, तुटलेल्या प्रत्येक गोष्टीवर पाईपचा तुकडा हा उपाय असे. त्यांनी ठिबक सिंचनाच्या काळ्या नळीच्या फिती कापल्या, लोखंडी सळई तापवली आणि तार काढून टाकून सगळी भेग नळीच्या प्लास्टिकने भरून काढली. वरून घासून चकाकी आणली. काम इतकं देखणं झालं की त्यांनी ऑफिसला जायच्या सरळ रस्त्याने गाडी न नेता बाजारातून, सराफांच्या दुकानांसमोरून वळवून नेली. ओळखीचा दिसला की काच खाली. "भेग दाखाड बरं. दाखाड ना."

आठवडाभरात आम्ही पाड्याच्या वाटेवर होतो. चढ, गोटे, चाकाखाली खडखडाट. मध्येच डावीकडून फाडल्यासारखा आवाज आला आणि मडगार्ड टायरवर पडून घासू लागलं. जळका वास सुटला. आम्ही उतरलो. भरताचं वांगं भाजल्यावर साल जशी सहज निघते, तशी नळीची ती अख्खी पट्टी सुटून लोंबत होती. भेगेच्या कडा आतून स्वच्छ होत्या, जणू त्यांना कुणी कधी शिवलंच नव्हतं.

पुढे झाडाखाली बायका पोरं घेऊन वाट बघत बसलेल्या दिसत होत्या. सिस्टर म्हणाल्या, "चला, पायी जाऊ." मी लसींची पेटी उचलली. परत आलो तेव्हा सुपडूभाऊ हातात ती पट्टी घेऊन गाडीभोवती फेऱ्या मारत होते. मडगार्ड त्यांनी दोरीने वर बांधलं होतं. आम्हाला पाहून थांबले.

"लागनंच नही," ते म्हणाले. "नुसतं चिकटेल व्हतं."

हे वाक्य पुढे त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींना लावलं. योजनेत आलेले नवे डॉक्टर सतत बदलीची भाषा करत, तर "चिकटेल शेत, लागेल नहीत." पुतणीचा नवरा सणावारी मिरवून जायचा पण अडचणीला यायचा नाही, तर तोही चिकटेल. माझ्याबद्दल विचारलं तेव्हा मात्र "अजून पाहू" म्हणून बाहेर निघून गेले.

तेव्हापासून धुळ्याच्या तारखेपर्यंतचे दिवस त्यांनी कसे काढले हे मी जवळून पाहिलं. ते दिसेल ते प्लास्टिक जाळत सुटले. एका संध्याकाळी मी पिंप्राळ्याला त्यांच्या घरी गेलो तर सुमनवहिनी दारातच भेटल्या. पदराने नाक धरलेलं.

"भाऊजी, तुम्ही शिकलेले. यांना सांगा काहीतरी. आंघोळीचा मग गेला, साबणाची डबी गेली. काल विहारात वंदनेला गेलो तर सगळे डोळे मिटून बसलेले, आणि हे खुर्ची हुंगतायत."

"जाळली नही," आतून आवाज आला. "नुसती काडी लावून पाहिली."

"काडी लावता लावता घर जाळशाल," वहिनी म्हणाल्या. मग मला चहा देताना आवाज उतरवून म्हणाल्या, "खरं सांगू? गाडी गेली तर हे घरात राहतील. आणि हे घरात राहिले तर मी कुठं राहू?" त्या हसल्या आणि पदर पुन्हा नाकाला लावला.

चहा पिताना सुपडूभाऊंनी एकदम खाली वाकून माझा पाय धरला. मी दचकलो. त्यांचं लक्ष सँडलकडे होतं. पट्ट्यावरच्या जोडावर नख फिरवत म्हणाले, "हाई कसं काय टिकलं, बीए? इतला पाडा-पाडा फिरनात तुमी."

"तुम्हीच म्हणाला होतात," मी म्हटलं. "त्याचंच त्याला दिलं म्हणून."

ते उठले. चहा तसाच राहिला. सळई, ब्लेड, काडेपेटी शोधत दोन खोल्यांत इकडून तिकडे फिरू लागले. आपल्या तोंडचं वाक्य आपणच विसरलो याचा त्यांना राग आला होता आणि आनंदही झाला होता, आणि दोन्ही एकाच वेळी मावत नव्हतं.

मडगार्डाच्या आतल्या काठाची एक चिरफळी कापून त्यांनी काडेपेटीत ठेवली. तेवढ्याने भेग भरणार नव्हती. ती फक्त ताडून बघायला. चिरफळीचं टोक जाळायचं, वास घ्यायचा, मग समोरच्या वस्तूचं टोक जाळायचं. ठिबकाची नळी जळली की विझवलेल्या मेणबत्तीसारखा वास येई. हिचा वास वेगळा होता. "तापेल डांबरात कोनी साखर सांडली," असं ते सांगत. तो वास शोधत ते भंगारवाल्यांकडे, भांड्यांच्या दुकानांत, रिक्षा स्टँडवर फिरले. एका दुकानदाराने त्यांना नव्या टबाजवळ काडी ओढताना पाहून बाहेर काढलं.

शेवटी तो वास हायवेवरच्या एका ट्रकच्या गॅरेजात मिळाला. मेलेल्या बॅटरीची रिकामी काळी पेटी. ते ती छातीशी धरून ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या शर्टाला ॲसिडने चाळणीसारखी भोकं पडली होती. "सापडनं," एवढंच म्हणाले. पेटी धुण्याच्या सोड्याने धुवायला घरी नेली. वहिनींनी आपला धुण्याचा दगड दिला आणि त्यावर पुन्हा कधी कपडे धुतले नाहीत, असं त्या नंतर सांगत.

काम चहाच्या टपरीमागे झालं. आधी भेग पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाला त्यांनी एक गोल भोक पाडलं. "आते हाई कथी पळस पाहू." मग भेगेच्या कडा तिरप्या तासून खाच केली. बॅटरीच्या पेटीच्या फिती वितळवत, दोन्ही कडाही वितळवत, सळईने कालवून एकजीव करत गेले. घाई नव्हती, पण पाय थांबत नव्हते. सळई तापेपर्यंत स्टोव्हभोवती फेऱ्या. आतल्या बाजूने जोर यावा म्हणून जाळी हवी होती. ती स्टीलची होती, बारीक होती, आणि काम संपल्यावर सिस्टरना कळलं की त्यांची चहाची गाळणी आता मडगार्डात आहे.

"भाऊ, मी चहा कशाने गाळू?"

"फडक्याने. फडकं फाटलं तर माले सांगा."

जोड निवला. सुपडूभाऊ दोन्ही पायांनी मडगार्डावर चढून उड्या मारू लागले. सिस्टरनी डोळे मिटून घेतले. मडगार्ड लवलं, पण उकललं नाही.

धुळ्याला निघताना सिस्टरनी त्यांना बजावलं, "तिथे तोंड उघडायचं नाही. साहेबांना दुरुस्ती दिसली नाही तर आपण दाखवायची नाही." सुपडूभाऊ हो म्हणाले. जोडावर काळं बूट-पॉलिश फिरवलं होतं. माझ्या डोळ्यांना तरी काही दिसत नव्हतं. मी कागदपत्रं घेऊन शेजारी बसलो. एरंडोल, पारोळा, ऊन मी म्हणत होतं. दर थोड्या वेळाने ते गाडी बाजूला घेत, उतरून नख फिरवत आणि परत येत.

धुळ्याला मैदानात गाड्यांची रांग होती. तपासणारे साहेब वयस्कर, शांत, घामाने चष्मा घसरणारे. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला, स्वतः एक फेरी मारली. खाली उतरून म्हणाले, "ठीक आहे. चालू द्या." आणि पुढच्या गाडीकडे वळले.

झालं होतं. गाडी वाचली होती. मी सुपडूभाऊंकडे पाहिलं. त्यांचा अंगठा दुसऱ्या हाताच्या तळव्यात रुतलेला होता. मी त्यांचा शर्ट मागून धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "मडगार्ड नही पाहिलं तुम्ही."

साहेब थांबले. "काय झालं मडगार्डाला?"

"तुटेल व्हतं."

"कुठं?"

साहेब वाकले. त्यांना सापडेना. मग सुपडूभाऊंनी साहेबांचा अंगठा धरला आणि जोडावर नेऊन टेकवला. पुढे त्यांना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. बैलगाडीपासून सुरुवात झाली. तार, खडूची खूण, पाईपची फजिती, डांबर आणि साखर, बॅटरी, गाळणी. पाईपची फजिती तर त्यांनी दोनदा सांगितली, हसत हसत. साहेब मडगार्डावर सगळं वजन टाकून बसले, उठले, दुसऱ्या साहेबांना हाक मारून बोलावलं. जाताना म्हणाले, "ही गाडी अजून पुष्कळ वर्षं जाईल."

परतीच्या वाटेवर सुपडूभाऊंनी एकदाही गाडी थांबवली नाही. "पाहिलं का, बीए," ते सारखं म्हणत होते. "अंगठा लावला साहेबांनी. पाहिलं का."

पावसाळा सरताना निरोप आला. गाडी इतकी चांगल्या अवस्थेत आहे तर ती धुळ्याच्या डोंगरी भागाला द्यावी. जळगावच्या पाड्यांना साधी जीप चालेल. जीपला तिचा कायमचा ड्रायव्हर होता. धुळ्यालाही कायमचे ड्रायव्हर होते. रोजंदारीवरचे सुपडूभाऊ गाडीपुरते होते, आणि गाडी चालली होती.

सिस्टर रडवेल्या झाल्या. "गप्प राहिला असता तर, भाऊ. साहेब पुढे गेले होते हो."

सुपडूभाऊ येरझाऱ्या घालू लागले. चहाच्या टपरीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून टपरीपर्यंत चालत राहिले. मग आमच्यासमोर येऊन म्हणाले, "सिस्टर, गाडी तर बंद पडनी नही. मंग मी कसा काय बंद पडनू?" त्यात तक्रार नव्हती. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या. तुमी लागी ग्यात आते. तुमी ऱ्हा."

गाडी धुळ्याला पोचवायला तेच गेले. एसटीने परत आले. पुढे काही महिन्यांनी मी पिंप्राळ्याला गेलो तर त्या दोन खोल्यांत दुसरं बिऱ्हाड होतं.

दोनेक वर्षांनी एका प्रशिक्षणासाठी मी धुळ्याला गेलो होतो. परतताना स्टँडकडे चाललो असताना एका सरकारी फाटकासमोर, लिंबाच्या झाडाखाली, ओळखीचा वास आला. स्टोव्ह, सळया, बॅटरीच्या काळ्या पेट्यांचा ढीग, तुटक्या खुर्च्या, टब, स्कूटरची मडगार्डं. मध्ये सुपडूभाऊ उभे. केस पांढरे झालेले, अंगठ्याचं नख तसंच.

"बीए," ते म्हणाले, जणू मी सकाळीच भेटलो होतो. "चप्पल दाखाडा."

आता पायात चामड्याचे बूट होते. त्यांनी तोंड वाकडं केलं. मी वहिनींची, मुलींची चौकशी केली. सगळे इथेच होते. थोरली शिवणक्लासला जात होती. "वहिनी काय म्हणतात?"

"म्हनस, दिवसभर बाहेर ऱ्हातत, बरं शे."

"पण जळगाव सोडून इथे का आलात, भाऊ?"

"जळगावात बठ्ठे पाईपवाले," ते म्हणाले. "तथं माले कोन इचारस?" आणि सळई पालटायला वळले.

बसची वेळ झाली होती. मी निघालो. बस स्टँडमधून बाहेर पडून त्याच रस्त्याने आली आणि फाटकापाशी गर्दीत अडकली. फाटकातून आमची गाडी बाहेर येत होती. काळी मडगार्डं चिखलाने माखलेली. सुपडूभाऊ हातातली तापलेली सळई तशीच घेऊन पुढे धावले आणि दुसरा हात वर केला. गाडी थांबली. आतला ड्रायव्हर खिडकीवर कोपर ठेवून पाहत राहिला. त्याला ही रोजची सवय असावी. सुपडूभाऊंनी शर्टाच्या बाहीने चिखल पुसला, वाकले, डाव्या मडगार्डावरून अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. मग बैलाच्या पाठीवर मारावी तशी मडगार्डावर थाप मारली. गाडी निघाली.

मी खिडकीतून हाक मारली. त्यांना ऐकू आली नाही. हातातली सळई स्टोव्हवर ठेवून त्यांनी एक जोडलेली निळी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, गाडी वळणाआड जाईपर्यंत. गुडघे हलत नव्हते.